गाडीला काय धाड भरलीय!

ब्रेकबाईंना चिडायला एरवी कारण लागत नसे. त्या आठवड्यात मात्र कारणंच रांग लावून उभी होती.

आधी नावाचं सांगून टाकतो. बाई गाडी चालवायला शिकवत. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक असतो, आणि बाईंचा पाय त्या ब्रेकवरून कधी उठतच नसे. समोर मांजर दिसलं, दाब ब्रेक. शिकणाऱ्यानं जरा जोरात श्वास घेतला, दाब ब्रेक. शिकून गेलेल्यांपैकी कुणीतरी त्यांना ब्रेकबाई म्हणायला सुरुवात केली, आणि ते नाव असं चिकटलं की कुरिअरवालासुद्धा खालून "ब्रेकबाईऽऽ" अशी हाळी देऊ लागला. बाई त्याच्यावरही चिडत, पण सही करून पाकीट घेत.

खाली रस्त्याला लागून एक खोली, तिथे शिकवणीचं ऑफिस. टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता. वरच्या मजल्यावर घर. घरात बाई आणि बाईंचे यजमान. बाई त्यांना "अहो" म्हणत, तेव्हा आपणही त्यांना अहोच म्हणू. अहो छापखान्यात प्रूफं तपासायचे. निवृत्त झाले, पण डोळे निवृत्त झाले नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर केसभर कललं तरी यांना जेवण जात नसे. आणि गंमत अशी, की गाडी शिकवणाऱ्या बाईचा हा नवरा आयुष्यात एकदाही स्टिअरिंगवर बसला नव्हता. "घरात एक ड्रायव्हर पुरे," असं ते म्हणत. खरं म्हणजे लग्न झाल्या झाल्या बाईंनी त्यांना एकदा शिकवायचा प्रयत्न केला होता आणि संसार टिकवायचा म्हणून दोघांनी तो तिथल्या तिथे सोडून दिला होता.

दारात उभी असायची ती गाडी. पांढरी, छोटी, डोक्यावर लाल अक्षरांची पाटी. तिच्यावर शिकून किती जण रस्त्याला लागले याची मोजदाद नव्हती. ही एकच गाडी. ती बंद तर शिकवणी बंद.

तर झालं असं. त्या सकाळी स्टिअरिंगवर सिस्टर होत्या. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यात ड्रेसिंगच्या खोलीत काम करणाऱ्या नर्स. वय पन्नाशीकडे झुकलेलं, शब्द मोजून बोलणार, आणि स्टिअरिंग असं धरणार की ते पळून जाईल की काय. एकदा टेस्टमध्ये नापास झालेल्या. पुढच्या आठवड्यात दुसरी टेस्ट होती, आणि या टेस्टवर बरंच काही टांगलेलं होतं. दवाखान्यानं घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या पेशंटांना बघायची नवी जागा काढली होती. दवाखान्याची गाडी, दिवसाची ड्यूटी. फक्त लायसन्स पाहिजे. सिस्टरांची अर्धी नोकरी रात्रपाळीत गेलेली. मुलगी शाळेतून यायची तेव्हा आई झोपलेली, आणि मुलगी झोपायची तेव्हा आई कामावर. टेस्ट होईपर्यंत तेवढी त्यांनी दिवसपाळी मागून घेतली होती. आता मुलीचं शेवटचं वर्ष होतं, मग ती शिकायला दुसऱ्या गावी जाणार. "एक वर्ष तरी तिच्यासोबत रात्रीचं जेवेन म्हणते," असं सिस्टर पहिल्या दिवशीच म्हणाल्या होत्या. बाईंनी त्यावर "आधी क्लच दाबा" असं उत्तर दिलं होतं.

त्या सकाळी सिस्टर एका वळणावर नीट थांबल्या होत्या. नियमाप्रमाणे, रेषेच्या आत. तेवढ्यात डावीकडच्या दुकानातून सामान उतरवून निघालेला टेम्पो मागं आला, मागं आला, आणि बाई "अरे अरे अरे" म्हणेपर्यंत त्यानं यांच्या पुढच्या डाव्या चाकाला ढुशी दिली. आवाज फार झाला नाही. गाडी जागच्या जागी हलली, इतकंच.

बाई खाली उतरल्या. टेम्पोवाल्याला त्यांनी जे सुनावलं ते इथे लिहिता येत नाही. तो बिचारा कानाला हात लावून, चार वेळा चुकलं म्हणून निघून गेला. मग बाईंनी गाडीची तपासणी केली. म्हणजे काय केलं? बंपरला एक लाथ मारली. बंपर पडला नाही. दिवा लावून बघितला. लागला. मडगार्डला पोचा होता, रंग खरवडला होता. झालं.

"काही नाही झालेलं. चला."

सिस्टर अजून खालीच उभ्या होत्या, चाकाकडे बघत. "बाई, चालवायला ठीक आहे ना ही?"

"तुमच्यासमोर बघितलं ना मी?"

"नाही, म्हणजे आमच्याकडे कुणी पडून आलं ना, तर स्वतःच्या पायानं चालत आलं तरी आम्ही तपासून घेतो. वरून नुसतं खरचटलेलं दिसतं, आणि आत..."

"अहो सिस्टर, गाडी आहे ती, पेशंट नाही! गाडीला काय धाड भरलीय! बसा."

सिस्टर बसल्या. पण आपल्या हातात असताना ठोकली गेली हे त्यांच्या मनात रुतलं. चूक टेम्पोची, गाडी उभी, तरी अपराधी चेहरा यांचा. काही माणसं असतातच अशी. कुठे काही फुटलं की आधी स्वतःचेच हात बघतात.

घरी आल्यावर अहो खिडकीत उभे.

"काय झालं गं गाडीला?"

"काही नाही. जरासा पोचा."

"पुढचं डावं चाक तिरकं दिसतंय."

"तुमचा चष्मा तिरका आहे."

"चष्मा कालच पुसलाय. अगं, गॅरेजला दाखवून तरी घे."

"दाखवते की! आणि टेस्टा कोण देणार? तुम्ही? गॅरेजवाल्याकडे एकदा गाडी गेली की माहेरी गेलेल्या पोरीसारखी बसते, लवकर परत येत नाही. या महिन्यात आठ जण टेस्टला बसायचेत माझे, पुढच्या आठवड्यात सिस्टर पहिल्या. चालतेय ना गाडी? चालतेय. मग झालं तर."

तेव्हापासून रोज जेवताना हाच विषय. अहोंनी मोबाईलवर कुठलं कुठलं वाचून काढलं. ठोकल्यावर टायर आतून बघावा, खाली तेल गळतंय का बघावं, स्टिअरिंग सरळ असताना गाडी सरळ जाते का बघावं. ज्या माणसाला गिअर आणि हँडब्रेक यांतला फरक सांगता आला नसता तो आता पोळीचा तुकडा मोडता मोडता चाकांची जोडणी समजावून सांगत होता. बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "तुम्ही माझ्या डोक्यावर मिरी वाटू नका," असं म्हणून त्यांनी ताट उचललं. अहोंनी मग चार दिवस तो विषय डोळ्यांनी काढला. बोलणं परवडलं, पण ते खिडकीतून चाकाकडे बघणं बाईंना सहन होईना.

आता बाईंना स्वतःला काही कळलं कसं नाही, हे विचाराल. इतकी वर्षं गाडीत बसलेली बाई! तर त्याला कारण त्यांची बसायची जागा. घर वर, ऑफिस खाली, गाडी दारात. दिवस उजाडला की बाई शेजारच्या सीटवर, मावळला की घरी. स्टिअरिंगवर त्या स्वतः बसायच्या त्या फक्त पेट्रोल भरायला जायचं असलं तर. आणि शेजारी बसल्या की त्यांची उजव्या हाताची दोन बोटं आपोआप स्टिअरिंगच्या खालच्या कडेला जाऊन टेकत. शिकणारा जरा इकडे तिकडे गेला की ती बोटं गाडी जाग्यावर आणत. बाईंना ते कळतही नसे. बायका बोलता बोलता पदर सावरतात तसं ते होतं. गाडी डावीकडे निघाली की बोटं तिला ओढून घेत, आणि बाईंच्या हिशेबी गाडी सरळच चाललेली असे.

एकट्या सिस्टरांना ही बोटं नव्हती. कारण बाईंचा नियमच होता: टेस्ट जवळ आली की त्या आठवड्यात आपण स्टिअरिंगला हात लावायचा नाही. हाताची घडी घालून बसायचं. तोंडावर बोट मात्र नाही, तोंड पूर्ण मोकळं.

झालं! सिस्टरांनी गाडी सुरू केली की गाडी डावीकडे.

"सिस्टर, डावीकडे."

"हो बाई."

"अहो, डावीकडे जाताय! काय माहेर आहे का तिकडे तुमचं?"

सिस्टर स्टिअरिंग उजवीकडे कलतं धरत. मग गाडी सरळ जाई. पण बाईंची नजर आता स्टिअरिंगवर. "हे काय? स्टिअरिंग वाकडं धरलंय! सरळ धरा!" सिस्टर सरळ धरत. गाडी डावीकडे. "परत डावीकडे! डोळे मिटून चालवताय का?" काय करावं त्या बिचारीनं? स्टिअरिंग सरळ ठेवावं तर गाडी वाकडी, आणि गाडी सरळ ठेवावी तर स्टिअरिंग वाकडं. इकडे आड, तिकडे विहीर. त्या "चुकलं बाई" म्हणत आणि अजून घट्ट धरत.

"गळा आवळताय का तिचा? सैल! सैल धरा! पालथ्या घड्यावर पाणी नुसतं!"

वकीलसाहेब मात्र सिस्टरांसारखे नव्हते. दुपारच्या तासाला येणारे हे वकील, शिकत होते गाडी पण प्रत्येक गोष्टीवर बाजू मांडत. सिग्नल तोडला तरी त्यावर युक्तिवाद करत. ते एके दिवशी म्हणाले, "बाई, तुमची गाडी डावीकडे ओढतेय. माझ्या हाताला जाणवतंय. तुम्ही बोटं काढून बघा एकदा."

"कुठली बोटं? मी कुठे हात लावलाय?" बाई म्हणाल्या, आणि त्या क्षणीसुद्धा त्यांची दोन बोटं स्टिअरिंगवर होती.

"ही काय! पुरावा समोर आहे."

"वकीलसाहेब, नाचता येईना अंगण वाकडं. स्वतःचं खापर गाडीवर फोडू नका. उगाच कोर्ट भरवू नका इथे, पुढे बघा."

वकीलसाहेब पुढे बघू लागले. कोर्टात हरायची त्यांना सवय असावी.

इथे मी बाईंची बाजू घेणार नाही, पण एवढं सांगतो. त्यांच्या धंद्यात गाडी कधीच चुकत नसते. गाडी बंद पडली, शिकणाऱ्यानं क्लच चुकवला. गाडीनं उडी मारली, शिकणाऱ्याचा पाय जड. गाडी डावीकडे गेली, शिकणाऱ्याचं लक्ष नाही. हजार वेळा हे खरं ठरलेलं असतं, आणि हजार वेळा खरी ठरलेली गोष्ट माणूस पुन्हा तपासून बघत नाही. तिथेच घोडं पेंड खातं.

टेस्ट परवावर आली. बाई सिस्टरांना घेऊन मोठ्या रस्त्याला गेल्या. रस्ता रुंद, कडेनं झाडं, एक म्हातारा सायकलवर भाजीची पिशवी लटकवून आपल्या नादात चाललेला. "आता ब्रेक लावून दाखवा, टेस्टमध्ये लावायला सांगतात तसा," बाई म्हणाल्या. सिस्टरांनी ब्रेक लावला. आणि गाडी थांबायच्या ऐवजी झटका देऊन डावीकडे घसरली, थेट त्या सायकलवर.

बाईंचा पाय ब्रेकवर होताच. त्यांनी होता नव्हता तेवढा जोर लावला. सिस्टरांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. गाडी थांबली तेव्हा सायकल आणि आरसा यांच्यात हात घालायला जागा नव्हती. म्हाताऱ्यानं वळून बघितलं, काहीतरी पुटपुटला, आणि पिशवी सावरून निघून गेला. त्याला कळलंही नसावं आपण कशातून वाचलो ते.

भीती वाटली की कुणी रडतं, कुणी गप्प होतं. बाई भांडतात.

"माणूस गेला असता आत्ता! कळतंय का? आठवडाभर घसा फोडतेय मी, डावीकडे, डावीकडे! तुमच्या हातात गाडी देणं म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळ आहे. इंजेक्शनंसुद्धा असल्याच हातांनी देता का हो तुम्ही?"

बोलून गेल्यावर बाईंनाही ते जरा जास्तच वाटलं. पण सुटलेला शब्द आणि सुटलेला क्लच परत घेता येत नाही. सिस्टरांनी गाडी बंद केली, हँडब्रेक ओढला, दार उघडून मागचं बघितलं, उतरल्या, आणि किल्ली बाईंच्या हातात दिली. मग फुटपाथवरून चालू लागल्या. पर्स खांद्याला, मान खाली.

"अहो सिस्टर! बसा आता, घरी सोडते!"

सिस्टरांनी वळून बघितलं नाही.

आता गाडी परत न्यायची तर बाईंनाच चालवायला हवी होती. धुसफुसत त्या पलीकडून फिरून स्टिअरिंगवर बसल्या. टेम्पोनं ठोकल्यानंतर पहिल्यांदाच. सीट पुढे घेतली, आरसा हलवला, गाडी काढली.

गाडी डावीकडे निघाली.

"हं?" बाई म्हणाल्या. त्यांनी सरळ केली. परत डावीकडे. रस्त्याला उतार असेल, असं त्यांच्या मनात आलं. पलीकडच्या रस्त्यावर घेतली. तिकडेही डावीकडे. वाराबिरा असेल म्हणावं तर झाडाचं पान हलत नव्हतं. मग रिकामा रस्ता बघून त्यांनी हळू वेगात स्टिअरिंग सोडून दिलं. आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती गाडी, त्यांची इतक्या वर्षांची गाडी, शहाण्यासारखी शांतपणे डावीकडच्या गटारीकडे चालू लागली.

त्यांनी ब्रेक लावला. तोच झटका. तोच डावीकडे.

बाई रस्त्याच्या कडेला तशाच बसून राहिल्या. मागून कुणी हॉर्न वाजवला, त्यालासुद्धा त्यांनी काही ऐकवलं नाही. वकील बोलला होता. नवरा रोज बोलत होता. आणि सिस्टरांनी तर ठोकल्याच्या दुसऱ्या मिनिटाला विचारलं होतं. लाज वाटली बाईंना. अशी वाटली की कान तापले.

गॅरेजपर्यंत त्या पहिल्या गिअरमध्ये गेल्या. मिस्त्रीनं गाडी वर उचलली, खाली शिरला आणि बराच वेळ नुसता "अरे देवा" म्हणत राहिला. बाईही वाकून खाली बघायला गेल्या आणि खरवडलेल्या पत्र्यावर हात ठेवून बसल्या. तळवा चांगला फाटला.

"चाकाला स्टिअरिंगशी जोडणारा दांडा वाकलाय बघा," मिस्त्री म्हणाला. "आणि टायर बघा आतल्या बाजूनं. केवढा फुगा आलाय. हा रस्त्यात फुटला असता ना बाई, तर... जाऊ दे. कोण चालवत होतं ही?"

"शिकणारे."

"शिकणारे? आणि गाडी रस्त्यावर राहिली?"

बाईंच्या डोळ्यांपुढे स्टिअरिंग उजवीकडे कलतं धरून, दात आवळून बसलेल्या सिस्टर आल्या. कशी राहिली रस्त्यावर ते त्यांना आत्ता कळत होतं. आठवडाभर एक बाई या वाकड्या गाडीशी एकटी झुंजत होती आणि शेजारी बसून आपण तिला शिव्या देत होतो.

"हाताला रक्त येतंय तुमच्या," मिस्त्री म्हणाला. "गंजका पत्रा आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. गाडी काही चार-पाच दिवस मिळायची नाही."

"परवा टेस्ट आहे."

"मग माझी न्या. साधी आहे, पण सरळ चालते."

दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला रुमाल गुंडाळून बाई दवाखान्यात गेल्या. तपासणाऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली: ड्रेसिंग आणि इंजेक्शन. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर बाकावर माणसं दाटीनं बसलेली. कुणाचा गुडघा सोलवटलेला, कुणाचं बोट कापलेलं. आत फिनेलचा वास, पांढरी टेबलं, आणि सिस्टर.

सिस्टरांनी चिठ्ठी घेतली. वर बघितलं. चेहऱ्यावर रेषही हलली नाही. जखम धुतली, औषध लावलं, पट्टी बांधली, सगळं हलक्या हातानं. मग शेजारच्या टेबलावरच्या तरुण नर्सला म्हणाल्या, "यांना इंजेक्शन दे गं."

"सिस्टर, तुम्हीच द्या ना," बाई म्हणाल्या. "मला तुमच्याशी बोलायचंय."

"मी देत नाहीये."

"म्हणजे?"

"कालपासून देत नाहीये. तिच्याकडे पाठवते सगळ्यांना." सिस्टर कापसाचे बोळे डब्यात भरत होत्या, बाईंकडे न बघता. "काल इथे आल्यावर एका छोट्या मुलाला द्यायचं होतं. सुई भरली आणि तुमचं बोलणं आठवलं. हात थरथरला. इतक्या वर्षांत माझा हात कधी थरथरला नव्हता बाई. मग म्हटलं नको, खरंच कुणाच्या जिवावर बेतायला नको. आज मेट्रन आल्या की त्या घरोघरीच्या जागेचंही नाही म्हणून सांगणार आहे. मुलीला रात्रीच सांगितलं, तुझ्या आईला नाही जमायचं."

एरवी तोंडाचा पट्टा सोडणारी बाई, पण आता त्यांना शब्द शोधून काढावे लागत होते.

"गाडी वाकडी होती," त्या म्हणाल्या. "दांडा वाकला होता, टायरला फुगा आला होता. मिस्त्रीनं दाखवलं मला. तो टेम्पो लागला तेव्हापासून. तुमचे हात नव्हते हो सिस्टर. गाडी होती. काल तुम्ही स्टिअरिंग ओढलं नसतं तर त्या म्हाताऱ्याला माझा एकटीचा ब्रेक पुरला नसता. माझं चुकलं. फार चुकलं."

सिस्टरांचा हात डब्यावर थांबला. तरुण नर्सनं मान वर केली. दारातला गुडघेवालाही कान देऊन ऐकू लागला.

बाईंना वाटलं होतं, आता या हसतील. किंवा रडतील. निदान "जाऊ द्या" तरी म्हणतील, त्यांचा स्वभावच तसा. सिस्टर लालबुंद झाल्या.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी. उभी राहून विचारलं होतं, ठीक आहे ना म्हणून."

"हो."

"लाथ मारलीत तुम्ही बंपरला. ही तपासणी? आम्ही असे पेशंट तपासले तर लोक जोड्यानं मारतील आम्हाला! आठवडाभर माझा खांदा ठणकतोय. झोपेत मी स्टिअरिंग ओढते. मुलगी हलवून उठवते मला. आणि तुम्ही? माहेर काय, गळा काय, इंजेक्शन काय! वाट्टेल ते बोललात. मी ऐकून घेतलं, कारण मला वाटलं तुम्हाला कळतं!"

इतक्या मोठ्यानं सिस्टरांना त्या खोलीत कुणी बोलताना ऐकलं नसावं. बाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही. एक हात पट्टीत होता आणि दुसऱ्या हाताची बाही त्या वर सरकवत होत्या.

"तुम्हीच द्या," त्या म्हणाल्या. "नाही दिलंत तर मी घेणारच नाही. धनुर्वात झाला तर होऊ दे."

"काहीतरी बोलू नका."

"मग द्या."

सिस्टरांनी सुई काढली, बाटली उचलून वाचली, भरली, हवा काढली. तरुण नर्स पुढे व्हायला लागली, तिला त्यांनी नजरेनंच थांबवलं. दंडाला कापूस फिरवला. बाई त्यांच्या हाताकडे बघत होत्या. हात एवढासाही हलला नाही. सुई कधी गेली आणि कधी आली ते बाईंना समजलंसुद्धा नाही.

"झालं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या हाताकडे एकदा बघितलं. मग सुई डब्यात टाकली, आणि एक खोल श्वास घेतला. "उद्या टेस्ट किती वाजता आहे?"

"दहाला."

"मला आधी तासभर गाडी पाहिजे. उजवीकडे ओढायची सवय लागलीय हाताला, ती मोडायला हवी. सात वाजता या. आणि तुम्ही बोलायचं नाही. एक अक्षर नाही."

"नाही बोलणार." बाई बाही खाली घेत घुटमळल्या. "पण सिस्टर, गाडी मिस्त्रीची आहे. माझ्या बाजूला ब्रेक नाही तिला."

"नसू दे," सिस्टर म्हणाल्या, आणि त्यांनी गुडघेवाल्याला आत बोलावलं.